कळ आणि कल

वाशी,
१५ डिसेंबर १९९६

प्रिय सरस्वती,

करंजाड्याला तुझ्या घरी सगळे खुशाल असतील. मीही ठीक आहे. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होते. नऊ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आशीर्वाद लिहीत नाही. तो हक्क मला उरला आहे का, ते पत्र वाचून तू ठरव.

गेल्या शनिवार-रविवारी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ठाणे-रायगडच्या क्रीडा प्रशिक्षकांचं शिबिर भरवलं. विषय होता खेळाडूंची ताकद आणि शारीरिक तयारी. बेचाळीस जण आले. एकही सत्र उशिरा सुरू झालं नाही. माझा सहकारी नंदकिशोर म्हणाला, "बाई, तुमच्या शिट्टीने पाहुणे पण लायनीत उभे राहिले!" ती शिट्टी तुला आठवत असेल.

शिकवायला पुण्याचे अरविंद सर होते, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. ते म्हणाले, "खेळाडूला विचारा, कुठे दुखतंय? अख्खा तळहात मांडीवर फिरवला, तर बहुधा दमलाय. एका बोटाने सांध्यावरची जागा दाखवली, तर सराव तिथेच थांबवा." सगळे वहीत उतरवत होते. माझं पेन थांबलं.

तू बोट ठेवलं होतंस. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला. लांब उडीच्या निवड चाचणीला आठ दिवस होते. म्हणालीस, "बाई, गुडघ्यान कल येते."

मी म्हटलं, "गुडघ्यान नाही, गुडघ्यात. कल नाही, कळ. म्हण."

दहा वेळा म्हणायला लावलं. दहाव्या वेळी 'ळ' जमला, मुली हसल्या. मी म्हटलं, "छान. आता कळ काढ." आणि तुला पुन्हा पायऱ्यांवर चढवलं, उड्या मारायला. चौथ्या उडीला तू पडलीस.

इथवरचं तुला माहीत आहे. पुढचं लिहायचं मी तीन दिवस टाळलं.

शिबिरात त्याच दुपारी सर म्हणाले, "बाई, तुमचा अनुभव मोठा. दुखापतीचं एखादं उदाहरण सांगा ना." मी उभी राहिले आणि सांगितलं, "माझी एक विद्यार्थिनी होती. फार गुणी. पण तिने दुखापत लपवली." बेचाळीस जणांनी तेही उतरवून घेतलं. सकाळी पेन थांबलं होतं, पण जीभ थांबली नाही. इतकी सवय झाली होती.

हेच वाक्य मी सत्याऐंशी साली शाळेच्या अहवालात लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी ते तुझ्या वडिलांना वाचून दाखवलं, तेव्हा तू दाराशी उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस. मी फाईल बंद केली.

बुधवारी एपीएमसी मार्केटमध्ये कांदे घ्यायला गेले, तिथे तुझी आई भेटली. तुझा पत्ता बायजाबाईंनीच दिला. म्हणाल्या, "अजून मांडी घालून बसता येत नाय तिला. पोरीनं तवा लपवलं नसतं तं पाय वाचला असता. आमचीच चूक हाय, बाई." माझा हात धरला होता त्यांनी. मी "येते" म्हटलं आणि पिशवी उचलून निघाले. तेव्हासुद्धा.

हजेरीपत्रकात बेचाळीस पत्ते आहेत. प्रत्येकाला लिहिते आहे : त्या मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, फक्त तिचा उच्चार दुरुस्त केला. जुन्या अहवालाला दुरुस्ती जोडावी म्हणून शाळेला अर्ज दिला आहे. बायजाबाईंना वाचता येत नाही. म्हणून येत्या रविवारी सकाळी दहाला कामोठ्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांना समोर बसून सांगणार आहे. तुला यावंसं वाटलं तर ये. तू आली नाहीस तरी मी जाणार.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यासाठी तू पुष्कळ सोसलं आहेस.

मात्र कधी लिहावंसं वाटलंच, तर तू बोलतेस तसंच लिही. मी एक अक्षर दुरुस्त करणार नाही.

तुझी कल जिला कळली नाही, ती
वैजयंतीबाई