दुपारी तीनचा फोन

शाहूपुरी, कोल्हापूर
८ जुलै २००७

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

एप्रिलात जयंतीच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्यानंतर आजच. तीन महिने गप्प राहिले, रागावू नकोस. रोज दुपारी तीनला तुझा फोन दादांना येतो, तेव्हा इकडची खबर तुला मिळतेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण फोन तुम्हा भावाबहिणीचा आणि पत्र तुझं-माझं, ही माझ्या कॉलेजपासूनची रीत. पूर्वी तुझ्या घरी मामा तुला वाचून दाखवायचे, आता तुझी नात प्रीती वाचते. रीत मी मोडली हे खरं.

मेमध्ये मी क्लासमधली शिकवणी सोडली. दादांना आता डोळ्यांपुढे नुसत्या सावल्या दिसतात. फोनवरचे आकडेही दिसत नाहीत, म्हणून तर नेहमी तूच फोन करतेस. त्यांना दिवसभर एकटं ठेवणं जमेना. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं. परदेशातले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून ठेवतात, तो आवाज इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरवर येतो, मी हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करून परत पाठवते. वेळेत गेलं नाही की ते काम दुसऱ्या कुणाला देतात. असं दोनदा झालंय. तिसऱ्यांदा झालं तर बंद करतील, आणि मग मला पुन्हा बाहेर नोकरी शोधावी लागेल.

अडचण इंटरनेटची आहे. इतकं हळू चालतं की एक फाइल उतरेपर्यंत माझा स्वयंपाक होतो. मधेच तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी वायर बदलून पाहिली, मोडेम खिडकीपाशी नेला, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून ट्यूबलाइटही बंद करून बसले. गंमत म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला ते हमखास तुटतं. लाइनमन सयाजी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत.

हॉलमधल्या फोनची घंटी मी बंद करून ठेवलीय, डॉक्टरांचं बोलणं ऐकताना दचकायला होतं. दादांच्या खोलीतला वाजतो आणि पहिल्या घंटीला ते उचलतात, तेवढं पुरे. अडीचपासून सदरा घालून खुर्चीत बसतात. तुला फोनवर सदरा कुठे दिसणार, असं मी चिडवलं तर म्हणाले, अक्काला आवाजावरनं कळतं.

लोभ आहेच, तो पत्राच्या हिशोबाने मोजू नकोस.

तुझी,
क्रांती


राधानगरी
१२ जुलै २००७

चि. क्रांतीस,
बायडाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

(क्रांतीआत्या, मी प्रीती. आजी सांगतेय तसंच्या तसं लिहितेय. सुधारलेलं तिला चालत नाही.)

तुजं पत्र पोचलं. दोनदा वाचून घेतलं. तीन महिन्यांचं एकदम लिवलंस, आता काय पोट भरलं म्हणायचं. पाऊस लई हाय. अंगणात पाय टाकाया जागा न्हाय, कोंबड्या माळ्यावर चढवल्यात.

ते कानात घालून डागदरांचं ऐकतीयास, कान फुटतील की. माझं ऐक, दोन घटकेनं काढत जा. आणि तीन वाजता तुजं नेट पळतंय म्हणतीस, तीन वाजता तर मी आणि माजा धोंडू बोलतो. आमच्या बोलण्याला भिऊन पळतंय व्हय गं? धोंडूला सांगितलं तर लई हसला. म्हणाला, अक्का, तुजा आवाजच तसा हाय.

त्याला डोळ्याचं आपरेशन कर म्हणून तू सांग. माझं ऐकत न्हाय. लहानपणी पाटी पुसायला माझाच पदर लागायचा, आता मोठा झालाय.

माया हाय, ती पावसात भिजू देऊ नको. जपून ऱ्हा.

बायडाबाई


राधानगरी
१२ ऑगस्ट २००७

चि. क्रांतीस,
जयभीम.

थोडंच सांगते. महिना होत आला, धोंडू फोन उचलत न्हाय.

तुला म्हाईत न्हाय म्हणून सांगते. गेल्या महिन्यात चिमणाबाईबरोबर मी जोतिबाला गेलते. आमच्या शेजारची चिमणाबाई, चाळीस वर्सांची मैत्रीण. तिचा मालक गेल्यापासनं ती एकली डोंगर चढाया भीत होती. देव तिचा, मी नुसती सोबत गेलते. कपाळाला गुलाल लागला, तो का पुसायचा तिच्या म्होरं? त्याच्यापासनं काही लपवायची मला सवय न्हाय, म्हणून मंगळवारी फोनवर सांगितलं. तर म्हणाला, मग छप्पन्न साली दीक्षेला माझ्याबरोबर कशाला उभी ऱ्हायलीस? मला लागलं ते. मी म्हणाले, आता मी फोन करणार न्हाय, आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीनला केला की. राग किती येळ धरायचा. वाजला, वाजला, उचलला न्हाय. त्यापुढं रोज केला. प्रीती म्हणती, क्रांतीआत्याच्या मोबाइलवर लाव. मी लावू दिला न्हाय. माझ्या भावानं मला बोलायचं, तर तुला मधी कशाला घालू?

तरी आता घालतीय. त्याला इचार, किती दिस?

बायडाबाई


शाहूपुरी, कोल्हापूर
१८ ऑगस्ट २००७

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईटही वाटलं. तुम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे रुसलात. मी दादांना विचारलं. ते म्हणाले, तिलाच बोलायचं नसेल. एवढंच. मग उठून खिडकीपाशी गेले.

आत्या, तू रोज फोन केलास म्हणतेस, पण मी दिवसभर हॉलमध्येच असते. फोन वाजलेला मला तरी ऐकू आला नाही. खरं सांग, आकडे फिरवलेस की नुसता रिसीव्हर हातात घेऊन राग काढलास? दोघांपैकी एकाने नमतं घ्यावं, आणि तू मोठी आहेस.

माझं काम मात्र आता सुरळीत चाललंय. सयाजी येऊन गेले, इंटरनेट झकास झालं. महिनाभर एकही फाइल उशिरा गेली नाही. कंपनीने जास्तीचं काम दिलंय, त्यामुळे जेवायलाही हेडफोन गळ्यात घेऊनच उठते. दादा हल्ली कमी बोलतात. जेवण थोडं कमी झालंय. पावसाळी हवेचं असेल.

तुमचं भांडण मिटलं की मला कळव, आणि माझ्यावरची माया भांडणात खर्चू नकोस.

तुझी,
क्रांती


राधानगरी
२३ सप्टेंबर २००७

चि. क्रांतीस,
जयभीम.

तुज्या घरनं आल्यापासनं जीव कशात लागत न्हाय. जेवून घे म्हणत्यात, जेवते. पुण्यानुमोदनाला तू सगळं नीट केलंस. धोंडूचा फोटो चांगला लावलास. माणसं लई आली. मी तुज्याशी बोलले न्हाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. बोलले असते तर रडणं थांबलं नसतं.

मनात एक हाय ते सांगते. सहा तारखेला त्याच्या छातीत कळ आली, तवा सात आठवडे आमचं बोलणं न्हवतं. भाऊ माझ्यावर रागावूनच गेला. मी डोंगर चढले न्हसते तर चाललं असतं. चिमणाबाई रोज येती, म्हणती माझ्यापाई झालं. मी तिला तोंड दावत न्हाय. तीबी रडती, मीबी रडते, भिंतीच्या दोन बाजूला.

त्या दिवशी त्याच्या खोलीत बसलते, तवा त्याचा फोन उचलून कानाला लावला. त्याचा कान जिथं लागायचा तिथं. आत काहीच न्हवतं. शिट्टी न्हाय, घरघर न्हाय. वाटलं, माणसाबरोबर फोनबी गेला.

पुन्हा काय लिवू. सांभाळून ऱ्हा.

बायडाबाई


शाहूपुरी, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २००७

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही, याची क्षमा मागते. चार वेळा लिहायला बसले. प्रत्येक वेळी वाक्यं अशी जुळायची की दोष कमी दिसावा, म्हणून फाडून टाकली. आज चौदा ऑक्टोबर, दीक्षेचा दिवस. दादा असते तर सकाळीच पांढरा सदरा मागितला असता. आज तरी सरळ लिहावं.

दादा तुझ्यावर रागावून फोन उचलत नव्हते असं नाही. त्यांचा फोन बंद होता. तो मी बंद करवला होता.

तीन वाजता तुमचं बोलणं होतं आणि तेव्हाच इंटरनेट तुटतं, हे तूच गमतीने लिहिलंस. मी ते सयाजींना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, आतल्या खोलीत दुसरा फोन जोडलाय, तो उचलला की इंटरनेट तुटतं आणि एरवीही हळू चालतं. त्याला आगपेटीएवढी पांढरी डबी लावायची, की दोन्ही चालतात. डबी त्यांच्याजवळ नव्हती. तोवर दादांच्या फोनची वायर सोडवून ठेवतो, आठवड्याने आठवण करा, आणून लावतो, असं सांगून गेले. तो बुधवार होता, अठरा जुलै. तुम्ही मंगळवारी भांडलात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दादांना मी वायरचं सांगितलं नाही. आठवड्याचाच प्रश्न आहे असं वाटलं.

इंटरनेट त्याच दिवशी सुधारलं, आणि मी आठवण केली नाही. विसरले असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. दोनदा आठवलं होतं. काम चांगलं चाललं होतं, म्हणून पुढच्या सोमवारी बघू असं म्हटलं. डायरीत दोन्ही सोमवार लिहिलेले आहेत.

हॉलमधला फोन मी ऐकेन असं गृहीत धरलं होतं. त्याची घंटी जूनपासून मीच बंद केलेली, हे तुला लिहूनही माझ्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे तू रोज तीनला फोन करत होतीस आणि या घरात कुठेच वाजत नव्हता. आणि मी तुलाच विचारलं, खरंच केलास का. ते वाक्य मला परत घेता येत नाही.

आणखी एक आहे, ते सर्वांत जड. ऑगस्टच्या सुरुवातीला दादा दारात येऊन म्हणाले, फोन मुका झालाय काय गं? मी एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाले, नाही दादा, चालू आहे. हॉलमधला चालूच होता. त्यांनी कुठला फोन विचारला हे मला समजलं नाही, की समजून घ्यायला वेळ नव्हता, हे मी तुझं पत्र आल्यापासून स्वतःला विचारतेय. बरं म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. माझ्या त्या उत्तरावरून त्यांनी ठरवलं असणार की फोन चालू आहे आणि अक्का करत नाही.

त्यांनी माफी मागितली होती असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण तसं ते काही बोलले नाहीत. झालं तेवढंच सांगते. जुलै-ऑगस्टभर सकाळी पेपर आला की ते एकच विचारायचे, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. मी आकडा सांगायची आणि कामाला लागायची. पाच उघडल्याचं सांगितलं त्या दिवशी म्हणाले, अक्काच्या अंगणात पाणी आलं असेल, कोंबड्या वर घेतल्या का कुणास ठाऊक. आणि अडीचला सदरा घालून बसणं पाच सप्टेंबरपर्यंत चुकलं नाही. मी दारातून बघायची. सवय आहे, असं वाटायचं. रागावलेला माणूस रोज असा तयार होऊन बसत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तेव्हा आत्या, जोतिबाचा डोंगर यात कुठेच नाही. चिमणाबाईंना घरात घे. हे पत्र त्यांच्यासमोर वाचायला प्रीतीला सांग. माझं नाव घेऊन वाच.

तुझं पत्र आल्यावर मी दादांचा फोन उचलून पाहिला, तसाच होता. मग हॉलमधल्या फोनमागचं घंटीचं बटण पाहिलं. काल सयाजींना बोलावलं. त्यांनी डबी लावली, वायर जोडली. दहा मिनिटं लागली. इंटरनेटचा वेग आधीइतकाच राहिला. त्यांनी दादांचा रिसीव्हर माझ्या कानाला लावून दाखवला. आवाज येत होता.

तू बोलावंस असा हट्ट नाही. मला रागावायला फोन केलास तरी मी ऐकेन. पत्र तुला मिळायला दोन-तीन दिवस जातील, तोवर फोन येणार नाही हे मला माहीत आहे. दादांना ते माहीत नव्हतं, तरी ते बसले. माझ्यावरचा लोभ राहिला नसेल, तर तो दादांच्या नावावर तरी ठेव.

तुझी,
क्रांती

डायरीत उद्याच्या सोमवारी लिहिलेलं काम: दुपारी अडीच वाजता, हेडफोन काढून, दादांच्या खुर्चीत बसणे.