पोर्तुगालची परतभेट

१ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. वाचणार मीच.

निर्णय झाला. यंदा परदेश. पहिलाच. देश : पोर्तुगाल. डोंगर, किल्ले, समुद्र, मासे. म्हणजे सगळं आपल्याकडचंच, फक्त झाडलेलं. शिवाय इतिहास. पाचशे वर्षांपूर्वी ते लोक आपल्या किनाऱ्यावर आले, न कळवता आले, आणि बरेच दिवस राहिले. आपल्याकडे रीत आहे, पाहुणा येऊन गेला की एकदा आपणही जाऊन यायचं. ती भेट राहून गेली आहे. मी फेडणार.

टूर कंपनी नको. मी एसटीच्या आगारात ट्रॅफिक कंट्रोलर होतो. उभा जन्म माणसांना योग्य गाडीत बसवलं. मी माइकवर बोललो की खेडच्या स्टँडवर कुत्रीसुद्धा फलाट बदलायची. मला कोण वाट दाखवणार?

हिला सांगितलं. ही म्हणजे गुणवंती, सौभाग्यवती. भाकरी थापता थापता हात थांबला. तीनदा विचारलं, खरंच नेणार काय. बायकांचा विश्वास म्हणून नसतो. बोलण्याच्या नादात भाकरी करपली. खाल्ली.

३ जानेवारी
हिच्या उत्साहाचं कारण कळलं. माहेर आंजर्ल्याचं. लहानपणी कड्यावरच्या गणपतीच्या देवळामागे उभी राहून समुद्र बघायची आणि बापाला विचारायची, पलीकडे काय आहे. बाप होडीवरचा माणूस, तो म्हणायचा, पलीकडे पण कोणीतरी पोरगी इकडे बघत असेल. तेव्हापासून पलीकडे जाऊन एकदा बघायचं मनात आहे म्हणाली. इतक्या वर्षांत कधी बोलली नाही.

मी तिला समजावलं की आंजर्ल्याच्या समोर ओमान येतं. म्हणाली, मग त्याच्याही पलीकडे.

दीपालीला फोन केला. दीपाली आमची मुलगी, ठाण्याला बँकेत आहे. ती पण येते म्हणाली. बुकिंग ती करेल. बरं झालं. लीडर मी, कारकुनी ती.

१२ जानेवारी
भाषेचा प्रश्न सुटला. पोर्तुगीज मला येतेच. पाव, बटाटा, काजू, अननस, साबण, चावी, पगार. सगळे त्यांचेच शब्द. एवढ्यात माणूस जेवतो, आंघोळ करतो, खोली उघडतो आणि महिनाअखेरपर्यंत थांबतो. आणखी काय लागतं?

हिला रोज एक शब्द शिकवायचं ठरवलं. आज 'बटाटा'. म्हणाली, येतो.

२० जानेवारी
सराव सुरू. चाकाची बॅग घेऊन सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर गेलो. कातळावर ओढली म्हणजे पोर्तुगालच्या दगडी गल्ल्यांची सवय होईल. वजनासाठी आत दोन चिरे ठेवले होते.

गुरं राखणारी जनी बघत उभी राहिली. विचारलंन, भाऊ, घरात भांडण झालं काय. मी बॅग ओढत पुढे गेलो. अशिक्षितपणा.

परतताना एक चाक गेलं. बॅग हलक्या प्रतीची. दुसरी घेईपर्यंत सराव स्थगित.

४ फेब्रुवारी
विमानाचा सराव. पडवीतल्या झोपाळ्यावर बसलो, पोटाला हिच्या साडीने पट्टा बांधला, डोळे मिटले. हिला मागून झोके द्यायला सांगितले. सुरुवातीला छान.

नंतर झोपाळ्याची एक कडी ढिली असल्याचं लक्षात आलं. त्यामुळे मला अंगणात जाऊन थोडा वेळ वाकून उभं राहावं लागलं. हिने न विचारता लिंबाचं सरबत आणून दिलं. कडी दुरुस्त करायची आहे.

१७ फेब्रुवारी
व्हिसासाठी मुंबई. बोटांचे ठसे द्यायला जातीने जावं लागतं. रेल्वेने गेलो. मी संपूर्ण प्रवास डब्याच्या दाराजवळ, बेसिनशेजारी उभा होतो. निसर्ग तिथून चांगला दिसतो. बोगदे फार आहेत. बोगद्यात निसर्ग दिसत नाही, तेव्हा बेसिन बघितलं. शर्टाच्या खिशात लिंबू सापडलं. कुठून आलं देव जाणे. वास घेतला. सहज.

ठसे दिले. मला वाटत होतं की इतकी वर्षं कार्बन पेपर हाताळून माझे ठसे पुसले गेले असतील आणि मशीन नकार देईल. मशीनने पहिल्या झटक्यात घेतले. हल्ली मशीनं काहीही घेतात.

८ मार्च
व्हिसा तिघांचेही आले. दीपालीने तिकिटंही काढली, एप्रिलची. मी म्हटलं, शिमग्यात पालखी घरी येते, तेव्हा यजमान घरात पाहिजे. ही म्हणाली, पालखी कालच येऊन गेली, तुम्हीच नाचवलीत. खरं आहे. खांदा अजून दुखतो.

म्हणजे कसलीच अडचण उरली नाही. छान.

२२ मार्च
वाडीतला गंगाराम आला होता. मस्कतला बरीच वर्षं ड्रायव्हर होता. विमानाबद्दल माहिती घेतली, अर्थात दुसऱ्या एकासाठी म्हणून. म्हणाला, भाऊ, काय नसतं. मधेच खड्डे लागतात तेवढं, विमान एकदम खाली गेल्यागत वाटतं, पोट वर येतं, की लगेच सरळ.

आकाशातही खड्डे. आपल्या रस्त्यांचे ठेकेदार तिथपर्यंत पोचलेले दिसतात.

जेवण गेलं नाही. उन्हाळा वाढलाय.

२९ मार्च
एक मोठी चूक लक्षात आली. ग्रामदेवतेला विचारलंच नाही. आपल्याकडे विहीर खणायची तरी कौल लावतात, आणि आम्ही समुद्र ओलांडणार न विचारता? धर्म म्हणून काही आहे की नाही?

भागोजी गुरवाला गाठलं. त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

उजवी पडली. लगेच.

देवीने पूर्ण ऐकून घेतलं नसावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

३१ मार्च
पुन्हा कौल. भागोजीला सांगितलं की परवाचा प्रश्न मोघम होता. 'परदेश' म्हणजे देवीला गोवा वाटलं असेल. देशाचं नाव घे. त्याने घेतलं. पुन्हा उजवी.

आज वाराही होता. वारा असताना कौल धरत नाहीत. भागोजी म्हणतो की गाभाऱ्याला खिडकीच नाही. ठीक आहे. प्रत्येक गोष्टीत वाद घालणारी माणसं असतात.

३ एप्रिल
आज प्रश्न मी स्वतः तयार करून नेला. भागोजी आधी तयारच नव्हता. "देवी काय तुमच्या चौकशीच्या खिडकीत बसली हाय काय, सारखं सारखं तेच विचारायला?" असं बोलला. पुन्हा येणार नाही असा शब्द दिला, तेव्हा मानला.

प्रश्न असा : आंबा ऐन काढणीला असताना, गाभण गाय गंगारामच्या जिवावर टाकून, वाडवडिलांच्या घराला कुलूप घालून, म्हातारपणी मी गुणवंतीला घेऊन आकाशातून जाऊ का?

डावी पडली.

भागोजी म्हणाला, असं विचारल्यावर उंबरठ्याचा दगडपण नको म्हणेल. पण नाही म्हणजे नाही. आज्ञा आहे. मला अतिशय वाईट वाटतंय. रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या.

४ एप्रिल
हिला सांगितलं. माइकवर सांगायचो त्याच आवाजात सांगितलं, की काही अपरिहार्य कारणामुळे पोर्तुगालला जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. हसेल वाटलं. हसली नाही.

नवी लुगडी बॅगेतून काढून कपाटात ठेवली. एकेक घडी हाताने दाबत होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तिने मान हलवली. मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

आज्ञा देवीची आहे. माझा काय इलाज? तरी झोपाळ्यावर बसवेना.

६ एप्रिल
विलक्षण प्रकार. ही सकाळी न सांगता देवळात गेली. भागोजीला स्वतःचं गाऱ्हाणं घालायला लावलं. तिचा प्रश्न : "माजा घोव ऱ्हाईल घरात, आंबं नि गाय बघील. मी जाव काय?"

उजवी. गाऱ्हाणं संपायच्या आत पडली म्हणे. भागोजी स्वतः घरी सांगायला आला, चहा पिऊन गेला. फार खुशीत होता. गुरवाने तटस्थ असायला पाहिजे.

मी हरकत घेतली की एकाच घरात दोन कौल कसे? ही शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नको म्हणाली, मला हो म्हणाली. दोघांनी आपापलं ऐकायचं."

यात तर्कदोष आहे. शोधतोय.

१५ एप्रिल
गेल्या. दोघी. दीपाली न्यायला आली होती.

मी रेल्वे स्टेशनवर सूचना दिल्या. खिडकीशी कोणी बसावं, पासपोर्ट कुठे धरावा, 'साबण' कधी म्हणावं. ही डब्याच्या दारात उभी होती. नवी साडी, पायात बूट. साडीवर बूट. बरी दिसत होती. खरं म्हणजे फार बरी दिसत होती. म्हणाली, जपून राहा. मी म्हटलं, गाडी सुटतेय, आत व्हा. सवय.

लीडर मागे राहून संपूर्ण मोहिमेवर नजर ठेवतो. ही आधुनिक पद्धत आहे.

१८ एप्रिल
पोचल्या. फोटो आले. उतारावरून जाणारी पिवळी ट्राम. किल्ला. एका हॉटेलात भाजलेले मासे. हिने खाली लिहिलं की मासे आपल्या तारलीसारखे, पण तिखट कुठे आहे त्यांच्याकडे.

मी उत्तर पाठवलं की ट्राम किती वाजता सुटते ते लिही. अजून लिहिलं नाही.

गाय व्यायली. पाडी. सांगायला घरात कोणी नव्हतं. गायीलाच सांगितलं.

२१ एप्रिल
स्टँडवर जाऊन बाकावर बसून आलो. नवीन कंट्रोलर माइकवर बोलतो तेव्हा शेवटचा शब्द खातो. त्याला सांगितलं. थँक्यू म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

दीपालीचा फोन. पाडीचं सांगितलं. उद्या त्या जमिनीच्या पश्चिम टोकाला जाणार. त्यापुढे नुसता समुद्र. आई सकाळपासून तेच विचारतेय म्हणाली.

संध्याकाळी एक योजना सुचली. ती तिकडच्या कड्यावर असताना मी आंजर्ल्याच्या कड्यावर उभं राहायचं आणि व्हिडिओ कॉल करायचा. इकडून मी, तिकडून ती. हिच्या बापाचं म्हणणं उलट बाजूने खरं करायचं. हिला न सांगता. थक्क होईल.

लग्नानंतर आंजर्ल्याला मी गेलेलो नाही. हिला दर वेळी गाडीत बसवून द्यायचो. कामं असत.

२२ एप्रिल, सकाळ
दापोलीच्या गाडीत बसलो आहे. पुढची सीट. कंडक्टरने ओळखलं, साहेब तुम्ही आणि गाडीत, म्हणाला. घाट असा काही नाही, वळणं आहेत. मी कणखर आहे. रोजनिशी गाडीतच लिहितोय, अक्षर बघा किती

२२ एप्रिल, दुपार
एका फाट्यावर उतरलो आहे. दापोली अजून लांब आहे. गाडीचं इंजिन फार तापत होतं, वास येत होता, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी मी उतरणं योग्य होतं. ड्रायव्हरनेच उतरवलं असं कंडक्टर सांगत सुटेल. तीन वेळा थांबवली एवढंच. गाडी पुढे गेली, तिचं इंजिन बरं झालं असावं.

शेडमध्ये बसलो असताना तिचाच कॉल आला. पडद्यावर ही. वाऱ्याने पदर उडतोय, एका हाताने धरलाय. मागे उंच कडा आणि निळं पाणी, कुठवर ते कळेना. मग म्हणाली, "पलीकडे पाणीच आहे हो. पण बघितलं." आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं काय त्यात. माझाही आवाज बसला होता, उलट्यांनी.

विचारलं, कुठे आहात. म्हटलं, प्रवासात. तिने पडदा तोंडाजवळ आणून शेड बघितली, रस्ता बघितला, माझा चेहरा बघितला.

म्हणाली, "सदऱ्याच्या डाव्या खिशात बघा."

बघितलं. लिंबू.

सगळ्या सदऱ्यांत घालून गेली आहे. वरातीच्या गाडीत मी तिच्या शालूवर ओकलो होतो, तेव्हापासून ठेवते म्हणाली. तुम्ही मला नेणार नाही हे पहिल्या दिवशीच माहीत होतं, पण निदान तुम्ही विषय काढलात तरी, म्हणून मी इथवर आले. आता लिंबू हुंगा, पुढे जाऊ नका, समोरच्या बाजूने परतीची गाडी घ्या नि घरी जा. वासराला जवळ घेऊ द्या गायीला.

फोन ठेवला. रस्ता ओलांडून समोर येऊन बसलो. लिंबू हुंगतोय.

परतीची दुपारची गाडी नाही. सरळ संध्याकाळची. मधली फेरी पूर्वी होती. 'या वेळेस कोणीही प्रवास करत नाही' असा शेरा मारून ती मीच बंद करायला लावली होती.