होले विकले पुतण्याने, बाळ पाहिलं मी

मी, शिमोन बिन मत्तन, राहणार यरुशलेम, खालची पेठ, तळ्याच्या पायऱ्यांलगत, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. डोळे अधू आहेत, डोकं नाही. पुतण्या उलटं सांगत फिरतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे माझं सातवं मृत्युपत्र. प्रभूचा अभिषिक्त, म्हणजे आमचा येणारा तारणारा, पाहिल्याशिवाय मी मरणार नाही, असं मला देवाचं वचन होतं. आधीची सहा पुतण्याच्या आग्रहाखातर लिहिली, ती रद्द समजावीत. तेव्हा मी मरणारच नव्हतो. कागद मात्र फुकट गेला.

पुतण्या योएजर मंदिराच्या अंगणात अर्पणाचे पक्षी, होले, विकतो. वचनाची गोष्ट त्याला तोंडपाठ, आणि घरावर डोळा. कोकरू अर्पण करणाऱ्या बड्या घरचं बाळ आलं, की मला दंडाला धरून ओढत न्यायचा.

"काका, हाच तो! चेहऱ्यावर तेज बघा कसं पिवळंधमक!"

"अरे गाढवा, कावीळ झालीय त्याला."

"तुम्ही ना, मुद्दाम ओळखत नाही!"

परवा गालीलचं एक जोडपं पहिलं मूल देवापुढे आणायला आलं. कोकरू परवडण्यातलं नव्हतं, म्हणून होल्यांची जोडी घेतली, ती योएजरकडूनच. "घ्यायचे तर घ्या बाई, वाट अडवू नका!" एवढं बोलला, पण मान काही वर केली नाही. त्या बाईच्या हातातलं बाळ मी घेतलं. तोच होता. फार बरं वाटलं. आता जायला हरकत नाही.

योएजरला सांगितलं, तर म्हणतो, "होले घेणाऱ्यांचं पोर? काका, एवढी घाई कशाला करता!" थांबा म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ.

तरी घर योएजरलाच, रिवाजाच्या शब्दांत, आजपासून व माझ्या मृत्यूनंतर. रस्त्याकडची खोली मात्र हन्ना, फनुएलची लेक, हिची. चौऱ्याऐंशीची विधवा, मंदिर सोडत नाही, उपास सोडत नाही. ऐकून म्हणाली, "शिमोनभाऊ, उपाशी बाईला घर कशाला हो?"

"राहायला नाही गं, सांगायला."

त्या दिवशी माझ्याशेजारी तीच उभी होती. माझ्यामागे सांगणारं तेवढंच माणूस उरतं, याची मला रात्रंदिवस काळजी. विचारायला येईल त्याला तिने त्या खोलीत बसून सांगावं. योएजरने कोणाला हुसकावलं, तर सगळं घर मंदिराला जाईल. माझी काठीही हन्नाला. योएजर शेजारीच राहणार आहे.

साक्षीला हन्नालाच बोलावलं होतं. हे लिहून घेणारा लेखनिक हसला. "आजोबा, बायकांची साक्ष कधीपासून चालायला लागली?" मग गल्लीतून दोन पुरुष धरून आणले. भले लोक आहेत.

मुक्काम यरुशलेम, अदार महिन्याचा सातवा दिवस.

सही: शिमोन बिन मत्तन

साक्षीदार:
एल्यासाफ बिन शूआ, कुंभार. बाळ पाहिलं नाही. सही केली.
नहम्या बिन अक्कूब, पाणक्या. बाळ पाहिलं नाही. सही केली.

हन्ना, फनुएलची लेक. बाळ पाहिलं. सही चालत नाही.