गाळावरचं घर

४ फेब्रुवारी
आज पुन्हा पलंग हलला. दुपारी, खाणीचा भोंगा वाजून गेल्यावर. आधी बारीक थरथर, मग सावकाश झोका — पाठीखालची सतरंजी कुणी हळूच ओढावी तसा. सासूबाई म्हणाल्या, बाळ फिरत असेल. बाळ कुठलं आणि जमीन कुठली, एवढं मला कळतं.

५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचं तेच पालुपद. बाळंत होईपर्यंत आडवंच राहायचं. न्हाणीघरापर्यंत जायची परवानगी आहे — केवढे उपकार! गेल्या वर्षी एक बाळ हातचं गेलं, म्हणून वाद घालत नाही.
नोकरीत असताना माझं कामच हादरे मोजायचं होतं. माळावर कंपनमापक पुरायचे, लांब एक छोटा सुरुंग उडवायचा आणि लहर कशी येते ते बघायचं. आता मापकाच्या जागी मीच पुरलेली.

९ फेब्रुवारी
शेवटी ह्याला सांगितलंच. खाणीवर सुरुंग लावतो तो हाच, माझा नवरा. म्हणाला, रोज मोजतो आम्ही, मर्यादेच्या आतच असतं सगळं. मोजता कुठे? तर खाणीच्या फाटकाशी. तिथे खालून सलग खडक! लहर येते आणि लगेच विरते. आपली आळी मात्र बुजवलेल्या तळ्यावर. गाळात शिरली की लहर मंदावते, फुगते, आणि थांबायचं नाव घेत नाही.
एक मापक घरी आण, म्हटलं. ते कंपनीचं आहे, म्हणाला आणि जेवायला बसला.

१० फेब्रुवारी
सुट्टी. जमीन गप्प.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या शिंपीणबाई आल्या होत्या. त्यांच्या मागच्या भिंतीला तडा गेलाय, आता त्यात बोट जातं. मशीन त्याच भिंतीला लावलेलं, उजेड तिथेच येतो म्हणून. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर माझ्या उशाशी वाकल्या. "तुमचे हे तिथेच असतात. खरं सांगा, भिंत धरेल का?"
सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.
विचारायचं काय होतं त्यात?

१४ फेब्रुवारी
पडल्या पडल्या उलगडा झाला. खाणीत सुरुंगाची सगळी भोकं एकदम उडवत नाहीत. एकामागून एक, मध्ये पापणी लवायलाही वेळ मिळणार नाही एवढीच उसंत. खडकात तेवढी पुरते. गाळात पहिली लहर शमायच्या आत दुसरी येऊन तिच्यावर चढते, मग तिसरी.
ह्याला समजावलं. एका वेळी थोडीच भोकं भरा, किंवा मधलं अंतर वाढवा. सगळं नीट ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "साहेबांना काय सांगू? बायकोला पलंगावर पडून असं वाटलं?"

१८ फेब्रुवारी
भिंत पडली.
सुरुंगापाठोपाठच. खिडकीतून नुसती धूळ दिसली. मग शिंपीणबाईंचा आवाज — हात, माझा हात. सासूबाई अनवाणी धावल्या. मी पोटावर हात ठेवून पडून होते. छताकडे बघत! माणसं जमली, विटा उपसल्याचा आवाज येत राहिला, गाडी आली, गेली. उजवा हात आहे. शिवायचा.
संध्याकाळी हा आला. भिंत जुनीच होती, म्हणाला. माझ्याकडे न बघता.

२० फेब्रुवारी
हात वाचेल. बोटांचं सांगता येत नाही.
आज परत भोंगा वाजला.

२१ फेब्रुवारी
सासूबाई पलंगाखालून केर काढत होत्या. पलंगाच्या एका पायाखालची काळी रबरी चकती सरकली होती, ती परत आत सारू लागल्या. हे काय, विचारलं. त्या सहज बोलून गेल्या, "तू दवाखान्यातून यायच्या आदल्या दिवशी त्याने चारी पायांखाली बसवल्यात. म्हणाला, हादरे हिला कळायला नकोत."
म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून.
मी उठून बसले. म्हटलं, गाडी बोलवा, मला खाण-तपासनीसांच्या कचेरीत जायचंय. त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. त्यांचा एकुलता एक मुलगा आहे तो. मग मला खांद्याला धरून परत आडवं केलं.
"तू पडून राहा. मी जाते. काय सांगायचं ते नीट शिकव मला."