घुम्याच्या वतीने

प्रिय घुम्या,

तुझ्या पंच्याहत्तरीहून परत आलो तो तोंड फुगवूनच. सूनबाईने विचारलं, बाबा, कार्यक्रम कसा झाला? मी म्हटलं, उत्तम, आणि पंखा उगाचच मोठा करून खिडकीशी जाऊन बसलो. आज भांडण्यासाठीच लिहायला बसलोय. आधी भांडून घेतो, बाकीचं मग.

वसतिगृहातल्या पहिल्या वाढदिवसाला पोरांनी तुला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि तुझ्या तोंडून चकार शब्द फुटेना, कान तेवढे लाल झाले, ते आठवतं? तेव्हा मीच तुझ्या शेजारी उभा राहून तुझ्या वतीने बोललो. पोरं तुला घुम्या म्हणू लागली, आणि मी सारखा घुमत असतो म्हणून मला कवडा. आणि आपल्या टोळक्यात रीतच पडून गेली: ज्याचा वाढदिवस त्याने तोंडाला कुलूप लावायचं, आणि त्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसाने त्याच्या वतीने बोलायचं. तुझ्या वतीने आजवर दुसरं कुणी बोललंय? तुझ्या लग्नातसुद्धा मीच बोललो. वहिनी तर म्हणाल्या होत्या, होकार नक्की कुणी दिलाय ते एकदा कळू द्या.

या खेपेला तर मी अख्खं भाषण भुजंगप्रयातात बसवलं होतं. शाळेत गुरुजी बाकावर बोटांनी ताल धरून कविता म्हणायला लावत, तसं ते रोज सकाळी आरशासमोर म्हणत होतो. सूनबाई म्हणाली, बाबा, शेजारचे विचारतायत, घरात शिकवणी सुरू केलीत का?

आणि तिथे उठले कोण, तर तुझे ते दातांचे डॉक्टर! कालपरवा शेजारी राहायला आलेला माणूस. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलं, आता स्वतःचं उघडलं तर मिटता मिटेना. तू सकाळी चहात काय बुडवतोस, कुठल्या वळणावर दम खातोस, झोपेत कसा हसतोस, सगळं त्यांना ठाऊक. लोक टाळ्या वाजवत होते. माझं भाषण कोटाच्या खिशात होतं, ते मी मुठीत पार चुरगाळून टाकलं. प्रेमात हरलेला माणूस काय करत असेल ते मला या वयात कळलं, घुम्या.

बरं, भाषणावर भागलं का? सगळा वेळ तुझ्या कोपराला हात लावून उभे, जणू नवरीची पाठराखीण! कुणी भेटायला आलं की आधी ते तुझ्या कानाशी लागणार, मग तू हसणार. जेवताना, भात उजवीकडे आहे, भाजी डावीकडे, वाटी गरम आहे हं. मी मनात म्हटलं, आता घासही भरवा! मग मी आपल्या टोळक्याचा तो गच्चीवरचा फोटो मोठा करून आणलेला, तो तुझ्या हातात दिला. तू काचेवरून बोटं फिरवलीस आणि म्हणालास, काय बारीक होतास रे कवड्या तू! अरे, त्या फोटोत मी नाहीच. तो काढला मी. सगळे जरा जास्तच मोठ्याने हसले. मला वाटलं, झालं, मला विसरला हा. न जेवताच निघालो.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. रागावू नका हो भावजी, म्हणाल्या, त्यांना आता फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो. सगळ्यांना सांगितलं, पण तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. कळलं तर तुम्ही पत्रं लिहायचं बंद कराल, याची त्यांना धास्ती. तुमची पत्रं हल्ली डॉक्टरच वाचून दाखवतात. छान वाचतात.

ते 'छान' मला जेवढं झोंबलं, तेवढं त्यांचं भाषणही झोंबलं नव्हतं. म्हणजे वर्षभर माझ्या शब्दांना त्यांचा आवाज! मी इथे हळवा होऊन लिहिणार आणि तिथे दातांचे डॉक्टर हळवे होणार!

तेव्हा डॉक्टर, हे पत्रही तुम्हीच वाचताय हे जाणून लिहिलंय. स्वतःबद्दलचं काही गाळलं असेल, तर मुकाट्याने वर जा आणि पुन्हा वाचा. तुमचा हेवा मी पुढेही करणार. पत्रंही येत राहतील, पण सोमवारी मी स्वतःच येतोय, महिनाभर राहायला. तेवढे दिवस त्याच्या कोपराशी मी. वाटा मला दाखवून ठेवा, कुठे पायरी आहे, कुठे खड्डा, मला काहीच माहीत नाही. आणि आता पुढची ओळ तेवढी सावकाश वाचा, ती तुमच्यासाठी नाही.

घुम्या, मला सांगायचंस रे.

तुझाच, अजून रुसलेला,
कवडा