सूचना फक्त समन्वयक देतील

२ डिसेंबर, सोमवार
प्राचार्यांनी मला कॉलेजचा आपत्ती समन्वयक केलं. दुसरं कोणी तयार होत नव्हतं म्हणून, असं स्टाफरूममध्ये बोलतात. बोलू दे. आजपासून कॅम्पसवर साप निघो, वायर तुटो, आग लागो, पहिली खबर माझ्याकडून. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'सतर्क कॅम्पस'. ६१२ मेंबर.

३ डिसेंबर, स. ७.१०
उठून बघतो तर ४७ गुड मॉर्निंग आणि केळीच्या रोपांची एक जाहिरात. ताबडतोब सेटिंग बदललं. आता मेसेज फक्त ॲडमिन टाकेल. ॲडमिन मी एकटा. शिस्त म्हणजे शिस्त.

५ डिसेंबर
झाडझूड करणाऱ्या सुगंधाबाई केबिनच्या दारात. म्हणाल्या, सर, पान्यानी टाकीखाले आग्यामव्हळ लागेल शे, पोरेसले सांगी द्या. मी शांतपणे समजावलं की धोक्याची माहिती गूगल फॉर्मवर यायला हवी, फोटोसकट. त्यांच्याकडे बटणाचा फोन. मग मुलीच्या फोनवरून भरा, म्हटलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि झाडू उचलून गेल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

९ डिसेंबर
फॉर्म अजून आलेला नाही, तरी आग्यामोहोळाची सूचना लिहायला घेतली. अडीच पानं झाली. मधमाशीच्या स्वभावाचा भाग फारच सुंदर उतरलाय. उषा म्हणते, टाकीकडे जाऊ नका एवढंच लिहा ना. बायकोला ड्राफ्टिंगमधलं काय कळतं! उद्या नक्की टाकतो.

१० डिसेंबर
उद्या. लोगो यायचाय.

१३ डिसेंबर
लोगो आला, पण त्यात मधमाशीऐवजी मुंगळा दिसतोय.
दरम्यान झकास कल्पना सुचली. कोरडी सूचना वाचतं कोण? त्यापेक्षा रविवारी भरीत पार्टी! हिवाळ्यात भरीत म्हटलं की आपल्याकडे आजारी माणूससुद्धा उठून येतो. होस्टेलची ३४ मुलं. नवल नावाचा विद्यार्थी चोपड्याहून वांगी आणतोय. जेवण झालं की मी सूचना वाचून दाखवणार, मग ग्रुपवर. जागा टाकीजवळच. धोका डोळ्यांनी दिसेल, शिवाय हात धुवायला पाणी. किती विचार करावा लागतो एकेका गोष्टीचा!

१५ डिसेंबर, रविवार, दु. १२.०५
डायरी सोबत आणलीय, प्रसंग महत्त्वाचा आहे. कपाशीच्या काड्यांचा ढीग बरोबर टाकीखाली रचायला लावला, तिथे वारा लागत नाही. त्यावर हिरवी वांगी. गॅसवर भरीत भाजणाऱ्यांची मला कीव येते. धूर छान सरळ वर चाललाय. पुऱ्या लाटायला सुगंधाबाईंना बोलावलंय. त्या आत्ताच आल्या आणि वर बोट दाखवून काहीतरी ओरडताहेत. बहुतेक वांगी फिरवा म्हणत असतील.

त्याच दिवशी, सं. ५.३०, दवाखाना
डावा डोळा बंद, उजवा अर्धा. अक्षर वाकडं येतंय.
धूर मोहोळाला लागला आणि माश्या उठल्या. मी तिथेच उभा राहून मोबाइल काढला. सूचना पाठवायची हीच तर वेळ होती! अडीच पानं अपलोड व्हायला वेळ लागतो, हे कोणी लक्षात घेत नाही. तेवढ्यात सुगंधाबाईंनी बठ्ठा मझार पया, म्हणजे सगळे आत पळा, अशी आरोळी ठोकली, पोरांना होस्टेलच्या हॉलमध्ये कोंबलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. मग ओलं गोणपाट पांघरून परत बाहेर आल्या आणि मला हाताला धरून ओढत नेलं.
मुलांपैकी एकालाही डंख नाही. बाईंना सहा. मला ४१. म्हणजे सगळा हल्ला मी जवळजवळ एकट्याने अंगावर घेतला, असंही म्हणता येईल.
सूचना अजून गेलेली नाही. मोबाइल माझं तोंड ओळखत नाहीये. पिन आठवत नाही. उद्या होस्टेलची मुलं टाकीवर पाणी भरायला जातील आणि त्यांना सांगणारा अधिकृत माणूस इथे सलाइनवर.

१८ डिसेंबर, बुधवार
सूज उतरली. सकाळी मोबाइलने ओळखलं. अडीच पानं पुसून टाकली आणि पाठवलं, 'टाकीकडे जाऊ नका. आग्यामोहोळ आहे.' ६१२ जणांना.
दुपारी सुगंधाबाई घरी भेटायला आल्या. हात अजून सुजलेला. म्हणाल्या, सर, मव्हळ ते सोमवारीच उडी गयं, पोरे कालदिनपासून टाकीवरच पानी भरतस. तुम्ही जीवले जपा.
त्यांचे आभार मानायचे होते. शब्द तयार होते. आणि तोंडातून निघालं, पण तो फॉर्म तुम्ही भरला नव्हता ना.
बाई हसल्या. चहा न घेता गेल्या, होस्टेलचा व्हरांडा झाडायचा राहिला होता म्हणे.
मी खोलीचं दार लावलं आणि रडलो. डंखांची आग आहे अजून, असं उषाला सांगितलं.