फुलपँट बॅगेतच राहिली

ग्लासगो

धम्मशीलाच्या आईस सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. जेवण जातं, थंडीही सोसते. तुझ्या पायाची सूज उतरली का?

परवा पोरीचा पदवीदान समारंभ आहे. आपल्या टेलरने शिवलेला कोट आणि फुलपँट मी इस्त्री करून ठेवली होती. पण काल जावयानं माझ्यासाठी इथला पोशाख आणला. किल्ट म्हणतात. चौकड्यांचा, चुण्यांचा, घागऱ्यासारखा. मोठ्या दिवशी इथले पुरुष तोच घालतात म्हणे. कमरेला पट्टे असे आवळले की मला एकट्याला सुटेनात.

"बाबा, एकदम साहेब दिसता!" पोरगी टाळ्या वाजवत म्हणाली.

"गुडघे उघडे पडतात गं."

"इथं सगळ्यांचेच पडतात!"

तुला ठाऊक आहे, माझा बाप जन्मभर उघड्या गुडघ्यांनी लोकांच्या दारात उभा राहिला. बाबासाहेबांचं ऐकून त्यानं मला फुलपँट शिवली, तेव्हापासून मी गुडघे चारचौघांत दाखवले नाहीत. हे पोरीला सांगावं तर तिच्या आनंदावर विरजण पडेल. न सांगावं तर जीव कोंडतो. फोनवर बोलावं तर ती शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र. तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल.

फोटो येईल. वस्तीत कोणी हसलं तर हसू दे. तू आधी पोरीच्या अंगावरचा काळा गाऊन बघ. माझ्याकडे मग बघ.

गोळ्या चुकवू नको.

तुझा,
सुखदेव